जपानमध्ये रामेनचं आपल्या आवडीचं दुकान कसं शोधावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलमध्ये चौघांचं एक कुटुंब टोकियो, क्योतो आणि फुकुओकाला जाणार आहे. नवरा-बायको आणि कॉलेजातला मुलगा सगळं खातात, आई शाकाहारी आहेत. व्हिडिओ बघून बघून दुकानांची भली मोठी यादी तयार झाली आहे आणि आता त्यातलं नेमकं कुठलं निवडावं ते सुचेनासं झालंय.

मी पुण्यात जपानी शिकलो आणि बरीच वर्षं इथे जपानमध्ये दुभाष्याचं काम करतो. काम मुख्यतः कारखान्यांमध्ये, त्यामुळे मुक्काम टोकियोत जितका तितकाच आडगावांत, आणि दुपारचं जेवण बहुतेक वेळा रामेनच. म्हणून सांगतो, यादी जरा वेळ बाजूला ठेवा. आधी तुमच्या जिभेला कुठल्या जातीचं सूप आवडतं ते ओळखा. ते ओळखलं नसेल तर दीड तास रांगेत उभं राहून मिळालेला वाडगाही नकोसा होतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना हट्टाने एका गाजलेल्या दुकानात जाऊन, वर तरंगणारी चरबी बघून चॉपस्टिक्स खाली ठेवताना मी पाहिलंय. दुकानाचं काही चुकलं नव्हतं. त्या मंडळींना स्वच्छ, हलकं सूप आवडलं असतं आणि तसं सूप देणारं साधं दुकान त्याच रस्त्यावर होतं.

रामेनच्या वाडग्यात चव तीन ठिकाणांहून येते. तळाशी असतो 'तारे', म्हणजे खारट, दाट अर्क. तो सोया सॉसचा असला तर शोयु रामेन, मिठाचा असला तर शिओ, आणि मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, असला तर मिसो रामेन. त्यावर हाडांचं, कोंबडीचं किंवा सुक्या मासळीचं सूप ओततात. तिसरं म्हणजे वासाचं तेल, कधी कोंबडीची चरबी, कधी लसूण किंवा कांद्याची पात परतलेलं. मिसळीत रस्सा वेगळा आणि तर्री वेगळी शिजते आणि वाढताना दोन्ही एकत्र येतात, तसाच हा प्रकार. त्यामुळे 'मला शोयु आवडतं' एवढं म्हणून भागत नाही. कोंबडीच्या स्वच्छ सूपातलं शोयु आणि डुकराच्या हाडांच्या दाट सूपातलं शोयु यांची चव एकमेकांच्या जवळपासही जात नाही. हाडं मंद आचेवर ठेवली तर सूप पारदर्शक राहतं. खळखळ उकळत ठेवली की चरबी आणि हाडांतला चिकटपणा पाण्यात मिसळून सूप दुधासारखं पांढरं होतं. स्वच्छ की दाट, हा पहिला कौल घ्या. शोयु, शिओ की मिसो, हे त्यानंतर.

हा कौल घ्यायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे शिन-योकोहामाचं रामेन संग्रहालय. 1994 साली सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या तळघरात 1958 सालच्या गल्ल्या उभ्या केल्या आहेत. निस्सिन कंपनीच्या मोमोफुकु आन्दो यांनी इन्स्टंट रामेन बाजारात आणलं ते याच साली. टोकियोतल्या असाकुसात 1910 मध्ये उघडलेलं राइराइकेन हे दुकान, जिथून जपानमधल्या रामेनच्या लोकप्रियतेची सुरुवात धरतात, तेही 2020 मध्ये इथे नव्याने उभं केलं गेलं. इतिहास सोडला तरी तुमच्या कामाची गोष्ट अशी की इथल्या दुकानांत लहान वाडगाही मिळतो. तिघांनी मिळून वेगवेगळ्या गावांचे चार-पाच लहान वाडगे चाखले की कुणाला काय आवडतं ते संध्याकाळपर्यंत कळतं. पर्यटकांची जागा म्हणून काही जण नाक मुरडतात, मला ते पटत नाही. सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जा, शेवटी जाऊन उपयोग नाही.

आपल्याकडच्या जिभांना काय रुचतं याबद्दल माझी काही निरीक्षणं आहेत. कोकणातल्या, सुकी मासळी खाऊन वाढलेल्या मंडळींना निबोशी रामेन हमखास आवडतं. हे सुकवलेल्या बारीक मासळीचं सूप असतं, करडं, किंचित कडवट आणि जोरदार वासाचं. ज्यांना मटणाचा दाट रस्सा प्रिय आहे त्यांनी तोरी पाइतान, म्हणजे कोंबडीचं पांढरं दाट सूप, किंवा योकोहामाचं इएकेइ रामेन घ्यावं. इएकेइची सुरुवात 1974 मध्ये योशिमुराया या दुकानापासून झाली. डुकराच्या हाडांचं सूप, ठसठशीत शोयु, वर कोंबडीचं तेल, जाड नूडल्स, पालक आणि नोरीचे, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदासारख्या पापुद्र्याचे, तीन तुकडे. सोबत वाटीभर भात घ्यायचा, नोरी सूपात बुडवायची आणि तिच्यात भात गुंडाळून खायचा. नूडल्स किती कडक, चव किती तीव्र, तेल किती, हे तिन्ही ते विचारतात. पहिल्यांदा तिन्हीला 'फुत्सु' म्हणा, म्हणजे नेहमीचं. तिखटाची अपेक्षा मात्र फारशी ठेवू नका. साधं रामेन तिखट नसतंच, आणि तिखटासाठी प्रसिद्ध असलेली दुकानं वेगळीच असतात.

आता शोधायचं कसं ते सांगतो. नकाशाच्या ॲपमध्ये इंग्रजीत 'रामेन' टाकलं की बहुतेक वेळा परदेशी पाहुण्यांनी भरलेली दुकानंच वर येतात. भाषांतराच्या ॲपमधून 'रामेन' आणि 'चूका सोबा' हे शब्द जपानी लिपीत घ्या आणि ते टाकून शोधा. 'चूका सोबा' लिहिलेल्या दुकानात बहुधा जुन्या वळणाचं, स्वच्छ सूपाचं रामेन मिळतं. ताबेलोग नावाची जपानी साइट इथे सगळे वापरतात. तिथले गुण पाचपैकी असतात आणि जपानी माणूस गुण द्यायला फार चिक्कू आहे. तिथे 3.5च्या वर गेलेलं दुकान उत्तम समजा, आणि 3.3चं दुकान पाहून 'साधारण दिसतंय' म्हणून पुढे जाऊ नका. माझी रोजची कित्येक आवडती दुकानं त्याच पट्ट्यात आहेत. रामेनच्या निवडक दुकानांची यादीही ताबेलोग काढतं, ती परदेशी मासिकांच्या याद्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. तेव्हा टोकियोतल्या सुगामोत असलेल्या त्सुता या चिमुकल्या दुकानाला 2015च्या डिसेंबरमध्ये मिशेलिन या खाण्याच्या ठिकाणांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. रामेनच्या दुकानाला तो पहिल्यांदाच मिळाला होता. तेव्हापासून ताऱ्यांमागे धावणं वाढलंय. असं रामेन सुंदर असतं, पण नाजूकही असतं. आधी दहा साधे वाडगे खाल्लेल्याला त्यातली कारागिरी कळते. अशा काही दुकानांत हल्ली ऑनलाइन जागा राखावी लागते, हे आधी तपासून घ्या.

साइटवर मी गुणांपेक्षा फोटो जास्त पाहतो. एकाच वाडग्याचे वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या महिन्यांत काढलेले फोटो शेजारीशेजारी ठेवा. सूपाचा रंग, चाशूचा, म्हणजे वर ठेवलेल्या डुकराच्या मांसाचा, काप, नूडल्सची घडी प्रत्येक फोटोत सारखी दिसली तर स्वयंपाकघरात शिस्त आहे. मग मेनू बघा. एकच सूप आणि त्याचेच तीन-चार अवतार असतील तर जा. शोयु, मिसो, तोन्कोत्सु (डुकराच्या हाडांचं पांढरं सूप), करी असं सगळं एकाच छपराखाली मिळत असेल आणि ते घरगुती खानावळीसारखं जुनं दुकान नसेल, तर मी पुढे जातो.

दारासमोर उभं राहिलात की आणखी बऱ्याच गोष्टी दिसतात. सकाळच्या वेळी दाराशी नूडल्सचे लाकडी किंवा प्लास्टिकचे उथळ खोके रचलेले असतात आणि त्यांवर नूडल्सच्या कारखान्याचं नाव असतं. मिकावाया सेइमेन, असाकुसा काइकारो, साकाइ सेइमेन ही नावं रामेनवेडे लांबूनच ओळखतात. इएकेइच्या दुकानाबाहेर साकाइचा खोका दिसला की ते मूळ घराण्याच्या जवळचं असावं असा अंदाज बांधतात. तुम्ही खोक्यांचा एक फोटो काढून ठेवा. एखाद्या ठिकाणच्या नूडल्स फार आवडल्या तर तोच खोका दुसऱ्या दाराशी दिसल्यावर निर्धास्त आत शिरता येतं. मला स्वतःला या युक्तीने इतकी दुकानं सापडली आहेत की साइट उघडण्याआधी मी खोका शोधतो. वासाचंही तसंच. डुकराची हाडं दुकानातच शिजत असतील तर तो वास लपत नाही, आणि नवख्याला तो उग्र वाटतो. हाकाता, म्हणजे फुकुओकाच्या पद्धतीच्या दुकानात तो वास आला तर घाबरून माघारी फिरू नका. रांगेत कोण उभं आहे तेही बघा. कामाच्या कपड्यातले लोक, टॅक्सीवाले, एकेकटे येऊन मुकाट उभे राहणारे मध्यमवयीन पुरुष आणि बायका दिसल्या की थांबायला हरकत नाही.

वेळ नीट साधा. बरीच दुकानं अकराला उघडतात, दुपारी अडीच-तीनला बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. सूप संपलं की वेळेआधीच दार लागतं. दारावर नोरेन, म्हणजे आखूड कापडी पडदा, टांगलेला असला तर दुकान चालू. उघडण्याआधी वीस मिनिटं किंवा दुपारी दीडनंतर गेलात तर रांग कमी. पावसाच्या दिवशी मी मुद्दाम नावाजलेल्या दुकानात जातो.

आत शिरताच बहुधा तिकिटाचं यंत्र असतं. बटणांची भिंत बघून गोंधळून जाऊ नका, डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा. दुकानाचा मुख्य वाडगा बहुतेक वेळा तिथेच असतो, आणि पहिल्या भेटीत तोच खावा. ज्यादा चाशू, अंडं, लोणी हे दुसऱ्या भेटीसाठी. किंमत साधारण हजार येनच्या आसपास किंवा थोडी वर असते. हजार येनच्या पुढे गिऱ्हाईक रामेनला पैसे देत नाही, असं दुकानदार वर्षानुवर्षं म्हणत आले आहेत आणि आता नाइलाजाने ती रेघ ओलांडत आहेत. रोख पैसे जवळ ठेवा. 3 जुलै 2024ला जपानने नव्या नोटा आणल्या, आणि जुनी यंत्रं त्या घेत नसल्याने दुकानदारांची बरीच धावपळ झाली. अजूनही एखादं यंत्र फक्त जुनी नोट किंवा नाणीच घेतं, म्हणून शंभर आणि पाचशेची नाणी खिशात असू द्या.

शक्य असेल तर चुलीसमोरची जागा मागा. वाडगा आधी गरम पाण्याने तापवतात. तळाशी तारेची एक पळी, मग तेल, मग वरून सूप, आणि त्याच क्षणी खोल जाळीतल्या नूडल्स झटकून त्यांतलं पाणी काढतात. त्या सूपात सोडून चॉपस्टिक्सनी एकदा उचलतात आणि दुमडून निजवतात, केसांवरून फणी फिरावी इतक्या सरळ. त्यावर चाशू, मेन्मा (बांबूचे आंबवलेले कोंब), पात, नोरी. नूडल्स उकळत्या पाण्यातून निघाल्यापासून वाडगा तुमच्यासमोर येईपर्यंत मिनिटही जात नाही. म्हणूनच वाडगा समोर आला की फोटो एकच काढा आणि खायला लागा. पाच मिनिटांत नूडल्स सूप पितात आणि मऊ पडतात. सुरुवात सूपाच्या एका चमच्याने करा, मग नूडल्स. भुरकायला लाजू नका, भुरकल्यानेच वास नाकापर्यंत पोचतो. सूप सगळं संपवायचं बंधन नाही, त्यात मीठ भरपूर असतं. उठताना वाडगा समोरच्या कठड्यावर ठेवा, फडकं असेल तर जागा पुसा आणि 'गोचिसोसामा देशिता' म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार.

तुम्ही चौघं आहात हे लक्षात ठेवून एक अडचण सांगतो. आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानात चौघांना शेजारीशेजारी जागा मिळत नाही, आणि त्यासाठी दोन खुर्च्या अडवून बसणं कुणालाच आवडत नाही. दोघं-दोघं बसा. माणशी एक वाडगा घ्यावाच लागतो, एकात दोघांनी खाल्लेलं चालत नाही. गप्पा बाहेर येऊन मारा. टेबलं असलेलं जुनं खानावळवजा दुकान मिळालं तर घरच्यांसोबत तेच बरं.

आईंचं काय? इथे स्पष्ट सांगायला हवं. वर भाज्या दिसल्या म्हणून रामेन शाकाहारी ठरत नाही. सूप हाडांचं, तारेमध्ये मासळीचा अर्क, तेल चरबीचं. 'मांस नको' म्हटल्यावर फक्त चाशू काढून वाडगा समोर येतो आणि दुकानदाराचं त्यात काही चुकत नाही. त्यामुळे आईंसाठी पूर्ण शाकाहारी दुकानच गाठा. टोकियो स्टेशनच्या आत, तिकिटाच्या फाटकाच्या आतल्या बाजूला, केइयो स्ट्रीटवर 'टीज तानतान' आहे. तिळाच्या दाट सूपातलं तिथलं तानतानमेन मांस खाणाऱ्यांनाही आवडतं. क्योतोची शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) पकडण्याआधी चौघंही तिथेच जेवा. आफुरीच्या दुकानांतही शाकाहारी वाडगा असतो आणि तुम्ही तिघं त्याच टेबलावर युझु या लिंबासारख्या फळाच्या वासाचं शिओ रामेन खाऊ शकता. ज्यांना फक्त डुक्कर चालत नाही त्यांनी कोंबडीच्या सूपाचं दुकान शोधलं तरी वरच्या चाशूबद्दल आणि तेलाबद्दल विचारून घ्यावं.

तुमच्या वाटेवर नसलं तरी एका गावाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, फुकुशिमातलं किताकाता. सकाळी सातला तिथलं बान्नाइ शोकुदो हे दुकान उघडतं तेव्हा बाहेर माणसं आलेली असतात. तिथे सकाळचं रामेन खायची पद्धतच आहे. रुंद, लाटेसारख्या वळणाच्या, पाणी भरपूर घालून मळलेल्या नूडल्स, मिठाकडे झुकणारं स्वच्छ सूप, आणि निकु सोबा मागितला तर वाडग्याचं तोंड झाकेल इतके चाशूचे काप. म्हातारीकोतारी माणसं एकेकटी येतात, पेपर वाचत खातात आणि कामाला लागतात. त्यांच्यातला कुणी हे जपानमधलं सर्वोत्तम आहे का, असं विचारत नाही. साप्पोरोला कधी गेलात तर मिसो रामेनचं मूळ घर, 'आजी नो सान्पेइ' हे दुकान, स्टेशनरीच्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे. पत्ता बघून चुकलो असं वाटेल, पण चुकलेलं नसतं.

टोकियोत मुलाला जिरो रामेनबद्दल कुतूहल असणारच. मिता इथलं मूळ दुकान केइओ विद्यापीठाजवळ आहे. तिथलं 'लहान'सुद्धा डोंगराएवढं असतं. 'निन्निकु इरेमासु का' असं विचारतील, म्हणजे लसूण घालू का, आणि तेव्हाच भाजी, चरबी वगैरे वाढवून हवं असेल तर सांगायचं. त्याला एकट्याला किंवा बाबांसोबत, सकाळपासून उपाशी पाठवा. तुम्हाला स्वतःला मी त्सुकेमेन सुचवीन, म्हणजे थंड जाड नूडल्स आणि वेगळ्या वाटीत दाट गरम सूप. हा प्रकार ताइशोकेनच्या काझुओ यामागिशी यांनी लोकप्रिय केला. 1961 मध्ये हिगाशी-इकेबुकुरोत त्यांनी आपलं दुकान थाटलं, आणि शिकायला आलेल्यांपासून कृती लपवली नाही, म्हणून त्यांच्या शिष्यांची दुकानं आज जपानभर दिसतात. नूडल्स संपल्यावर उरलेल्या दाट सूपात पातळ गरम सूप घालून ते प्यायला देतात, 'सूप वारी' म्हणून मागून घ्या.

क्योतोत हलकं, शाकाहारी वळणाचं रामेन मिळेल असं वाटतं, पण ते शहर दाट आणि ठसठशीत रामेनचं आहे. स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटांवर होन्के दाइइचि आसाही आणि शिन्पुकु साइकान ही दोन जुनी दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. पहिलं पहाटे सहाला उघडतं, तिथे शोयुच्या स्वच्छ सूपावर कुजो जातीची कांद्याची पात ढिगाने येते. दुसऱ्याचं सूप काळंभोर, पण दिसतं तितकं खारट नाही, आणि सोबतचा काळसर परतलेला भात आवर्जून घ्यावा. एके दिवशी एकात, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात जा. तुमची आवड कुठे झुकते ते इथे अगदी स्वच्छ कळेल.

फुकुओकाला पोचेपर्यंत तुम्ही बरेच तयार झालेले असाल. तोन्कोत्सुचा उगम खरं तर शेजारच्या कुरुमे गावातला, 1937 मधल्या नान्किन सेन्र्योच्या गाडीवरचा. हाकाताचं रूप त्याहून हलकं आणि नूडल्स सुईसारख्या बारीक. फुकुओकातल्याच नागाहामाच्या मासळी बाजारातल्या लोकांना थांबायला वेळ नसायचा, म्हणून चटकन शिजणाऱ्या बारीक नूडल्स आल्या, आणि त्या लवकर मऊ पडतात म्हणून एका वेळी थोड्या वाढून नंतर पुन्हा द्यायची पद्धत पडली. तिला काएदामा म्हणतात. नदीकाठच्या गाड्यांवर एक संध्याकाळ घालवा, पण रामेनसाठी मात्र दुपारी आत वस्तीतल्या दुकानात जा. इचिरान हे साखळी दुकान याच शहरातलं. फळ्यांनी वेगळ्या केलेल्या जागा आणि आवडीनिवडी भरायचा कागद यांमुळे नवख्याला ते सोपं जातं, पण त्याच्यासाठी तासभर रांग लावू नका.

नूडल्स 'काता' मागा, म्हणजे जरा कडक. 'बारीकाता' त्याहून कडक असतात, त्या मुलाला मागवून बघू दे. लोणच्याचं लाल आलं आणि तिखट ताकाना (मोहरीच्या पानांचं लोणचं) टेबलावर असतात, पण निम्मा वाडगा झाल्यावरच घाला, ताकानाने सूपाची चव झाकली जाते. शेवटचे दोन-तीन घास उरले की 'काएदामा, काता दे' म्हणा. सूप मात्र आधी पिऊन टाकू नका, नव्या नूडल्सना ते लागतं. दुसऱ्या फेरीत सूप थोडं फिकं लागेल, तेव्हा टेबलावरच्या बाटलीतली तारे चमचाभर घाला.